किनारी सहल : जहाजाची की स्वतःची?

विशेष प्रतिनिधी

आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात असलेल्या साओ टोमे या बेटावर मार्च २०२४ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ या क्रूझ जहाजाचे आठ प्रवासी मागे राहिले. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला न जाता त्यांनी स्थानिक चालकामार्फत स्वतंत्र सहल घेतली होती. ती लांबली आणि परतायची वेळ टळून गेली. प्रवासी किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा जहाज नांगरलेलेच होते. तटरक्षकांच्या बोटीने त्यांना जहाजापर्यंत नेण्यातही आले. परंतु कप्तानाने त्यांना वर घेतले नाही. पुढच्या बंदरावर जहाज गाठण्यासाठी त्यांनी अनेक देश ओलांडून गांबियाची राजधानी बंजूल गाठली, तर तेथे जहाजाला धक्क्याला लागता आले नाही. अखेर सेनेगलमधील डाकार येथे त्यांना जहाजावर प्रवेश मिळाला. ठरलेल्या वेळी परतणे ही प्रवाशाची जबाबदारी आहे, ही कंपनीची भूमिका होती.

या घटनेतून बहुतेकांनी एकच धडा घेतला : क्रूझवर गेल्यास जहाजाचीच सहल घ्यावी, स्वतंत्रपणे फिरण्याच्या फंदात पडू नये. मात्र दीड वर्षानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटावर घडलेल्या घटनेने या सरळ निष्कर्षाला तडा दिला. ‘कोरल ॲडव्हेंचरर’ या छोट्या क्रूझ जहाजाने आयोजित केलेल्या, मार्गदर्शकासह असलेल्या पदभ्रमंतीत ८० वर्षांची एक महिला डोंगर चढताना समूहापासून मागे पडली. ती परतलेली नाही हे लक्षात न येताच जहाज बेटावरून निघून गेले. उशिरा शोध सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने व पोलिसांनी या प्रकरणी चौकशी सुरू केली.

एका घटनेत सहल खासगी होती, दुसऱ्या घटनेत जहाजाची. जहाज मात्र दोन्ही वेळा निघून गेले. म्हणूनच ‘जहाजाची सहल घ्यावी की नाही’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. जहाजाची सहल घेताना प्रवासी नेमके काय विकत घेतो आणि काय विकत घेत नाही, हे आधी तपासावे लागते.

प्रश्न आता घरापर्यंत आला आहे

काही वर्षांपूर्वीपर्यंत क्रूझ हा मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टीने चित्रपटात पाहण्याचा विषय होता. सिंगापूरच्या सहलीला जोडून तीन-चार रात्रींची सागरी सफर करणारी मंडळी होती. पण त्यांची संख्या मर्यादित होती. आज चित्र वेगळे आहे. क्रूझ लाइन्स इंटरनॅशनल असोसिएशन या जागतिक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरात सुमारे ३ कोटी ४६ लाख लोकांनी सागरी क्रूझचा प्रवास केला. मुंबईहून ‘कॉर्डेलिया’च्या सफरी सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाल्या. गोवा, लक्षद्वीप, कोची ही नावे त्यांच्या वेळापत्रकात आली. मुंबई बंदरातील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. भूमध्य समुद्र, अलास्का, नॉर्वे, सिंगापूर येथील सफरींच्या जाहिराती आता मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून नियमित दिसतात.

या जाहिरातींत जहाजावरील जलतरण तलाव, नाट्यगृह आणि शाकाहारी भोजन यांचा सविस्तर उल्लेख असतो. बंदरावर उतरल्यानंतरच्या सहा-आठ तासांविषयी मात्र फारसे काही नसते. प्रवासाचा खर्च, धोका आणि आनंद या तिन्हींचा मोठा वाटा त्याच तासांत सामावलेला असतो. क्रूझच्या परिभाषेत ज्याला ‘शोअर एक्स्कर्शन’ म्हणतात, ती किनारी सहल तिकिटात बहुधा समाविष्ट नसते. ती वेगळी, माणशी दराने आणि परकीय चलनात विकली जाते. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या वार्षिक अहवालांवर नजर टाकली, तर एकूण महसुलापैकी सुमारे एक तृतीयांश रक्कम तिकिटाखेरीजच्या विक्रीतून येताना दिसते. मद्य, कॅसिनो, इंटरनेट यांच्याबरोबर किनारी सहलीही या हिशेबात येतात. जहाजावरील सहल-कक्षातील कर्मचारी सहलीची शिफारस करतो तेव्हा तो सल्लागार तर असतोच, पण विक्रेताही असतो, हे विसरून चालत नाही.

विकली जाते ती वेळेची हमी

जहाजाच्या सहलीचा खरा लाभ एकच आहे आणि तो मोठा आहे. जहाजाने विकलेल्या सहलीची बस वाटेत अडकली, तर जहाज सहसा थांबते. थांबणे अशक्यच झाले, तर त्या प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची व्यवस्था कंपनी आपल्या खर्चाने करते. बहुतेक मोठ्या कंपन्या हे आश्वासन जाहीरपणे देतात. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांना ते लागू नसते.

यामागचे व्यावहारिक कारण समजून घेणे आवश्यक आहे. बंदरातील जागा, वाटाड्या नाविक, टग बोटी हे सारे ठरलेल्या वेळेसाठी आरक्षित असते. उशीर झाल्यास बंदराचे शुल्क वाढते, पुढच्या बंदरातील वेळ चुकते आणि ती गाठण्यासाठी वेग वाढवला की इंधनाचा खर्च चढतो. दोन-तीन हजार प्रवाशांच्या जहाजाने चार जणांसाठी थांबणे कंपनीला परवडत नाही. आपल्याच सहलीच्या बसमध्ये चाळीस प्रवासी असतील आणि ती बस कोठे आहे हे मार्गदर्शकाकडून दूरध्वनीवर कळत असेल, तर मात्र गणित बदलते. येथे कंपनीच्या दयाबुद्धीपेक्षा संख्या आणि माहिती यांचा संबंध अधिक असतो.

या हमीचे मोल प्रत्येक बंदरात सारखे नसते, हा यातील कळीचा मुद्दा होय. जाहिरातीत ज्या शहराचे नाव असते, ते शहर बंदरापासून किती दूर आहे हे प्रवाशाने सर्वप्रथम पाहावे. ‘रोम’ म्हणून जे बंदर दाखवले जाते ते चिवितावेक्किया असून रोमपासून ७० किलोमीटरहून अधिक दूर आहे. ‘फ्लॉरेन्स’साठी जहाज लिव्होर्नोला लागते, तेथूनही अंतर सुमारे तेवढेच किंवा थोडे अधिक. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र हे बंदर आणि तेथून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर. बँकॉकसाठीचे लाएम चाबांग बंदर शहरापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. इटली सरकारने २५ हजार टनांपेक्षा मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास ऑगस्ट २०२१ पासून मनाई केली. तेव्हापासून ‘व्हेनिस’च्या नावाखाली काही जहाजे राव्हेना किंवा त्रिएस्ते येथे लागतात. तेथून व्हेनिस सुमारे दीडशे किलोमीटर आहे.

याच्या उलट काही बंदरे अशी आहेत की तेथे धक्क्यावरून बाहेर पडले की प्रवासी थेट शहरात असतो. मलेशियातील पेनांगचा स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाऊनच्या जुन्या वस्तीला लागूनच आहे आणि २००८ पासून ही वस्ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. अथेन्सचे पिरेयस बंदर मेट्रोने शहराशी जोडलेले आहे. अशा ठिकाणी माणशी भारी रक्कम मोजून बसमध्ये बसण्यात वेळेच्या हमीचा फायदा जवळजवळ शून्य असतो, कारण धोकाच मुळात नगण्य असतो. ल हाव्रहून पॅरिसला स्वतंत्रपणे जाणे मात्र वेगळी गोष्ट आहे. तेथे एक रेल्वेगाडी चुकली किंवा संप झाला, तर जहाज हातचे जाते.

चिवितावेक्कियासारखी बंदरे या दोहोंच्या मध्ये येतात. तेथून रोमला नियमित लोकल गाड्या आहेत, प्रवास साधारण तासाभराचा आहे आणि भाडे काही युरोंचेच आहे. भाषेची भीती नसलेले, चालण्यास धडधाकट असलेले जोडपे तेथे स्वतःहून जाऊन येऊ शकते. मात्र त्याने परतीची शेवटची नव्हे, तर त्याआधीची गाडी धरण्याचा नियम पाळावयास हवा.

सुरक्षिततेची हमी वेगळी

वेळेची हमी म्हणजेच सुरक्षिततेची हमी, असा समज सर्वत्र आढळतो. जहाजाने निवडलेली सहल म्हणजे ती तपासलेली असणार, असे प्रवासी गृहीत धरतो. ते पूर्णतः चुकीचे नाही. मोठ्या कंपन्या स्थानिक चालकांकडून विमा, परवाने, वाहनांची स्थिती यांची कागदपत्रे मागतात. परंतु काही दुर्घटना या गृहीतकाची मर्यादा दाखवतात.

न्यूझीलंडच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या व्हाकारी अर्थात व्हाइट आयलंड या बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी दुपारी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्या क्षणी बेटावर ४७ जण होते. त्यांपैकी ३८ जण ‘ओव्हेशन ऑफ द सीज’ या क्रूझ जहाजाच्या किनारी सहलीवर आलेले होते. एकूण २२ जण मृत्युमुखी पडले आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना भीषण भाजण्याच्या जखमा झाल्या. उद्रेकाच्या तीन आठवडे आधी, १८ नोव्हेंबर रोजी, ज्वालामुखीचा इशारा-स्तर एकवरून दोनवर नेण्यात आला होता. ही माहिती सार्वजनिक होती. सहली मात्र सुरूच राहिल्या. नंतर चाललेल्या खटल्यांत सहल कंपनीसह अनेक संस्थांना दंड व भरपाईचे आदेश झाले. बेटाची मालकी असलेल्या कंपनीलाही २०२३ मध्ये दोषी ठरवण्यात आले. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली. कंपनी केवळ बेटावर प्रवेशाची परवानगी देत होती, तेथील कामावर तिचे नियंत्रण नव्हते, हा त्यामागील विचार होता. जमीन एकाची, बोट दुसऱ्याची, तिकीट विकणारा तिसरा आणि इशारा देणारी संस्था चौथी, अशी ही साखळी होती. प्रवाशाला मात्र सारे काही एकाच जहाज कंपनीचे वाटत होते.

अलास्कातील केचिकन या बंदरातील दोन दुर्घटना याहूनही बोलक्या आहेत. जून २०१५ मध्ये पाण्यावरून उडणारे एक पर्यटन-विमान खराब हवामानात डोंगरावर आदळून त्यातील सर्व ९ जण ठार झाले. आठही प्रवासी ‘वेस्टरडॅम’ जहाजाचे होते आणि उड्डाण जहाजामार्फत विकले गेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकाच्या निर्णयाबरोबरच संबंधित विमान कंपनीच्या कार्यसंस्कृतीवर बोट ठेवले. धोकादायक हवामानातील उड्डाणाला तेथे मूक संमती असे. वेळापत्रकाच्या दडपणाचाही उल्लेख मंडळाने केला. जहाज सुटण्याची वेळ चुकू नये ही जी हमी प्रवाशाला आश्वस्त करते, तीच वैमानिकाच्या किंवा बसचालकाच्या मनावर ओझे ठरू शकते, हा यातील अप्रिय अर्थ आहे.

दुसरी दुर्घटना १३ मे २०१९ ची. केचिकनजवळ दोन पर्यटन-विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि ६ जण मरण पावले. दोन्ही विमानांत ‘रॉयल प्रिन्सेस’ या एकाच जहाजाचे प्रवासी होते. एका विमानाची सहल जहाजाने विकलेली होती; दुसऱ्या विमानातील चार प्रवाशांनी ती स्वतंत्रपणे घेतली होती. आकाश तेच आणि निसर्गदृश्यही तेच. जहाजाचा शिक्का असल्याने वा नसल्याने हवेतील धोका बदलला नाही.

यावरून जहाजाच्या सहली घातक असतात, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. दरवर्षी लक्षावधी प्रवासी अशा सहलींवरून सुखरूप परततात. निष्कर्ष इतकाच की धोका सहलीच्या प्रकारात असतो, विक्रेत्याच्या नावात नव्हे. शहरातील संग्रहालय पाहणे आणि जागृत ज्वालामुखीवर उतरणे यांची तुलना होऊ शकत नाही. छोटे विमान, हेलिकॉप्टर, स्कूबा, झिपलाइन, डोंगरचढण यांसारख्या सहलींबाबत प्रवाशाने हवामानाचा आणि स्थानिक यंत्रणांचा इशारा स्वतः पाहिला पाहिजे. आयोजक जहाज आहे म्हणून ही चौकशी टाळता येत नाही. लिझर्ड बेटाच्या घटनेने त्यात आणखी एका मुद्द्याची भर घातली आहे. समूहात मार्गदर्शक असणे पुरेसे नाही. मागे पडलेल्या सहभागीसोबत कोण थांबणार आणि परतताना शिरगणती कशी होणार, हे निघण्यापूर्वी विचारले पाहिजे. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत तर हा प्रश्न अनिवार्य ठरतो.

जबाबदारी कोणाची?

किनारी सहलीचे तिकीट जहाजावर, जहाजाच्या बोधचिन्हासह मिळते. करारातील बारीक अक्षरांत मात्र बहुधा असे लिहिलेले असते की सहल चालवणारी संस्था ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असून तिच्या चुकीची जबाबदारी जहाज कंपनीवर नाही. अमेरिकी कंपन्यांच्या तिकीट-करारांत दावा कोठे दाखल करायचा हेही ठरलेले असते. अनेकदा ते ठिकाण फ्लोरिडातील न्यायालय असते. अशा अटी वैध ठरू शकतात, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ‘कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट’ या खटल्यात दिला. इजा झाल्यास सहा महिन्यांत लेखी सूचना आणि एका वर्षात दावा, अशी मुदतही या करारांत सर्रास आढळते.

डोंबिवली किंवा कोथरूड येथून गेलेल्या कुटुंबाला फ्लोरिडात जाऊन दावा चालवणे कितपत शक्य आहे, हे सांगण्याची गरज नाही. या पार्श्वभूमीवर भारताचा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ थोडा आधार देतो. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे. सफर भारतातील सहल कंपनीमार्फत घेतली असेल, तर तिच्या सेवेतील त्रुटीविषयी येथे दाद मागता येते. यासाठी किनारी सहल कोणी विकली याची पावती हाती असणे आवश्यक ठरते. जहाजावर जाऊन परकीय कंपनीकडून घेतलेली सहल आणि मुंबईतील कार्यालयात पैसे भरून घेतलेली सहल, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर पडू शकते.

सहल कंपन्यांबरोबर समूहाने जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी याबाबत विशेष सावध राहणे आवश्यक आहे. अशा समूहासाठी अनेकदा सहल कंपनीच बंदरावर स्वतःची बस ठरवते. टूर मॅनेजर बरोबर असतो, मराठीत माहिती मिळते, जेवणात जैन किंवा शाकाहारी सोय होते. आपण ‘अधिकृत’ सहलीवर आहोत, अशी प्रवाशाची समजूत असते. जहाजाच्या लेखी मात्र ती बस खासगीच असते. ती अडकली तर जहाज थांबेलच असे नाही. म्हणून समूहाच्या नोंदणीच्या वेळीच विचारावे : बंदरावरील बस जहाजाची आहे की कंपनीची? जहाज चुकल्यास पुढच्या बंदरापर्यंतचा विमानखर्च, व्हिसा आणि निवास यांचा भार कोण उचलणार? हे उत्तर लेखी घ्यावे.

पारपत्र आणि व्हिसा

पाश्चात्त्य प्रवाशांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत हा विषय ओझरता येतो. भारतीय पारपत्रधारकांसाठी तो निर्णायक ठरू शकतो. अमेरिकी वा जपानी प्रवासी जहाज चुकल्यास पुढच्या देशात बहुधा व्हिसाविना जाऊ शकतो. भारतीय प्रवाशाला ते अनेक ठिकाणी शक्य नसते. साओ टोमेतील आठ जणांनी जी धावपळ केली, ती भारतीय पारपत्रावर कितीतरी अधिक कठीण झाली असती. सिंगापूरहून निघून तेथेच परतणाऱ्या सफरीत प्रवासी देशाबाहेर जाऊन पुन्हा प्रवेश करतो. युरोपात जहाज शेंगेन क्षेत्राबाहेरच्या बंदराला लागून परत आत येत असेल, तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो.

त्यातच अनेक जहाजांवर पारपत्रे प्रवासाच्या आरंभी जमा करून घेतली जातात आणि उतरताना प्रवाशाकडे केवळ जहाजाचे ओळखपत्र असते. प्रवासी परतला नाही तर त्याची पारपत्रे बंदरातील प्रतिनिधीकडे सोपवून जहाज निघते, अशी सर्वसाधारण प्रथा आहे. या प्रतिनिधीचे नाव व दूरध्वनी क्रमांक जहाजाच्या दैनिक पत्रकात छापलेला असतो. तो टिपून घेणे, पारपत्र व व्हिसाची छायाप्रत जवळ बाळगणे आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवणे, या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत. जहाजाची वेळ आणि स्थानिक वेळ यांत कधीकधी तासाचा फरक असतो आणि त्या एका तासाने अनेकांना धक्क्यावर धावायला लावले आहे.

काही ठिकाणी तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे समुद्रमार्गे येणाऱ्या प्रवाशांना मान्यताप्राप्त मार्गदर्शकाच्या सहलीवर असतील तर ७२ तासांपर्यंत व्हिसाविना उतरता येत असे. स्वतंत्रपणे फिरायचे तर व्हिसा लागे. युक्रेन युद्धामुळे २०२२ मध्ये क्रूझ कंपन्यांनी ते बंदरच वगळले. आपल्याकडे लक्षद्वीपचे उदाहरण आहे. बाहेरून येणाऱ्यांना तेथे प्रवेश-परवाना लागतो, मोठे जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवाळवेढ्याच्या आत छोट्या बोटींनी जावे लागते. तेथे मनमानी भटकंतीला वाव नाही; आणि ते बेटांच्या नाजूक पर्यावरणाच्या दृष्टीने योग्यच आहे.

हिशेब कुटुंबाचा आणि बंदराचाही

खर्चाच्या बाबतीत एक साधा फरक ध्यानात ठेवावा. जहाजाची सहल माणशी विकली जाते, टॅक्सी गाडीमागे ठरते. एकट्या प्रवाशाला जहाजाची बस स्वस्त पडू शकते. चौघांच्या कुटुंबाला बहुधा टॅक्सी. मात्र तुलना करताना जहाजाच्या सहलीत प्रवेशशुल्क आणि जेवण धरलेले आहे का, हे पाहावे. जहाजाने एखादे बंदर हवामानामुळे गाळले, तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. खासगी चालकाशी तशी अट आधी ठरवून घ्यावी लागते. जेथे जहाज धक्क्याला न लागता छोट्या बोटींनी उतरावे लागते, तेथे सहलीच्या प्रवाशांना बहुधा प्रथम सोडले जाते. ग्रीसमधील सँटोरिनीत याचा प्रत्यय येतो. स्वतंत्र प्रवाशांना जुन्या बंदरावरून कड्यावरच्या गावात जाण्यासाठी केबल कारच्या रांगेत तरी उभे राहावे लागते किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या तरी चढाव्या लागतात. गुडघेदुखीच्या प्रवाशाला येथे जहाजाची बस घेणे हा चैनीचा निर्णय मानता येणार नाही.

याला दुसरी बाजू आहे ती बंदरातील लोकांची. प्रवासी जहाजाच्या बसमधून उतरून, ठरवलेल्या दुकानात थांबून, ठरवलेल्या उपाहारगृहात जेवून परत जातो तेव्हा गावाला गर्दी मिळते. उत्पन्न मात्र मोजक्यांच्या हाती राहते. गोव्यात मुरगाव बंदरावर उतरणाऱ्या पर्यटकाच्या बाबतीतही हा पेच आहे. पणजी तेथून सुमारे ३० किलोमीटर दूर आहे. गोव्यातील टॅक्सी व्यावसायिक आणि ॲपवर आधारित सेवा यांच्यातील वाद वर्षानुवर्षे चिघळलेला असून २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘गोवा माइल्स’लाही विरोध सहन करावा लागला. भाड्याची खात्री नसल्याने पर्यटक जहाजाच्या बसकडे वळतो आणि पर्यटक बसने जातो म्हणून टॅक्सीचालक उरलेल्या मोजक्यांकडून जास्त भाडे मागतो. ठळक अक्षरांत लावलेला ठरावीक दरांचा फलक आणि पैसे आधी भरण्याची सोय यांनी हे चक्र बऱ्याच अंशी तुटू शकते. मुंबईतही नव्या टर्मिनलबाहेर परदेशी पाहुण्यांना हाच अनुभव येणार नाही, याची काळजी आतापासूनच घ्यावी लागेल.

निर्णय बंदरागणिक

तात्पर्य, संपूर्ण सफरीसाठी एकच धोरण ठरवणे चुकीचे आहे. निर्णय प्रत्येक बंदरासाठी स्वतंत्र आणि शक्यतो घरून निघण्यापूर्वी घ्यावा. शहर बंदरापासून दीड तासाहून दूर असेल, परतीचा दुसरा मार्ग नसेल, व्हिसाची अडचण असेल किंवा बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील, तर जहाजाची सहल घेणे शहाणपणाचे आहे. जादा पैसे वेळेच्या विम्याचे समजावेत. शहर पायी फिरण्याजोगे असेल, सार्वजनिक वाहतूक भरवशाची असेल आणि जहाज सायंकाळी उशिरा सुटणार असेल, तर स्वतंत्रपणे फिरण्यात धोका थोडा आणि समाधान अधिक आहे. सहलीच्या स्वरूपातच जोखीम असेल, तर ती कोण विकतो याला दुय्यम महत्त्व द्यावे आणि ‘जावे का?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

तथापि हा सारा भार एकट्या प्रवाशावर टाकून कंपन्यांना मोकळे होता येणार नाही. किनारी सहल प्रत्यक्ष कोणती संस्था चालवते, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, जहाज चुकल्यास काय, ही माहिती विक्रीपूर्वी, ठळकपणे आणि प्रवाशाला कळेल अशा भाषेत दिली जाणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायद्याने माहितीचा अधिकार मान्य केलेलाच आहे. भारतात क्रूझ व्यवसाय बाळसे धरत असताना पर्यटन खात्याने आणि बंदर प्रशासनाने हा नियम आरंभीच घालून दिला, तर नंतर अपघातांच्या चौकशा करीत बसण्याची वेळ कमी येईल. व्हाकारीवर गेलेल्या प्रवाशांपैकी किती जणांना इशारा-स्तर वाढल्याचे ठाऊक होते, हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये उद्रेकानंतर विचारला गेला. आपल्याकडे तो सहलीचे तिकीट फाडण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.